मिल्टन कीन्सची गोलकीपर

पुण्याला परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो. राजवाडा पाहिला का? मेणाचे पुतळे पाहिले का? नदीकाठचा तो मोठा पाळणा पाहिला का? नाही पाहिला. महिनाभर विलायतेत राहून मी पाहिलं ते बर्फाचं एक मैदान, त्यावर एकमेकींवर आदळणाऱ्या पोरी, आणि त्यांच्या मागे जाळीपाशी उभी असलेली माझी भाची. शेजारच्या काकूंनी माझे फोटो चाळले आणि म्हणाल्या, "अहो, ह्यात तुम्ही कुठेच नाही, सगळीकडे नुसती हेल्मेटं!" त्यांच्यासाठी आणि ज्यांना तिथे जाण्याचा योग आला नाही अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

मी पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत आयुष्यभर पीटी शिकवली. खो-खोचे संघ घडवले, रडणाऱ्या पोरींना उठवून पळायला लावलं, आणि माझी शिट्टी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची. मुलींना मैदानात कसं उभं करायचं हे मला कुणी शिकवायला नको, असं माझं स्पष्ट मत होतं आणि बऱ्याच अंशी अजून आहे. म्हणूनच २००७ च्या फेब्रुवारीत धाकट्या भावाचा, मिलिंदचा, फोन आला.

"ताई, सई हॉकी सोडते म्हणतेय. माझं ती ऐकत नाही. स्वातीला तर तिनं सोडलेलीच हवी आहे, एक्झाम्स आहेत ना. तू ये. तुझं ऐकेल."

सई त्याची एकुलती एक मुलगी, पंधरा वर्षांची. स्वाती तिची आई. मिलिंद तिथे कॉम्प्युटरच्या नोकरीत. आणि ही हॉकी म्हणजे आपली गवतावरची नव्हे. पायात पात्याचे बूट, खाली बर्फ, चेंडूच्या जागी रबराची चकती, तिला पक म्हणतात. सई मुलींच्या संघाची गोलकीपर. मिलिंदनं सांगितलं ते असं: फेब्रुवारीतल्या एका मॅचमध्ये पहिल्याच डावात सईवर चार गोल झाले. कोचनं मॅच चालू असताना तिला बाहेर बोलावलं आणि दुसरी मुलगी उभी केली. सई उरलेला वेळ बाकाच्या टोकाला डोक्यावर टॉवेल घेऊन बसली. तेव्हापासून एक गोल झाला की पाठोपाठ दुसरा होतोच, कारण पोरगी तिथे उभी असते पण असत नाही. मार्चअखेर शेफील्डला मोसमातली शेवटची मॅच होती. कोचनं तेवढी खेळायला सांगितली होती. त्यानंतर मी संपले, असं सईनं जाहीर केलं होतं.

मी निवृत्त झालेली, रजा कुणाकडे मागायची नव्हती. व्हिसा झाला आणि निघाले.

मिल्टन कीन्स

हे गाव मुद्दाम कागदावर आखून वसवलेलं. रस्ते सरळ, आडवे आणि उभे, आणि जिथे दोन भेटतात तिथे राउंडअबाउट, म्हणजे आपलं सर्कल. विमानतळावरून घरी जाताना गावात शिरल्यावर आम्ही इतक्या वेळा गोल फिरलो की मला वाटलं मिलिंद रस्ता चुकलाय आणि कबूल करत नाहीये. चुकण्याची सवय त्याला लहानपणापासून आहे, कबूल न करण्याचीही.

"ताई, इथे असंच आहे. चुकलीस तरी टेन्शन नाही, परत एक राउंड मारायचा."

गावभर तांबड्या डांबराच्या पायवाटा आहेत, त्यांना रेडवे म्हणतात. मोठ्या रस्त्याखालून जातात, झाडीतून जातात, तळ्याकाठानं जातात. इतकी सुंदर सोय, आणि चालायला कुणी नाही, कारण सगळे गाडीत. मी रोज सकाळी शाल, कानटोपी आणि पीटीचे बूट अशा थाटात तिथून फिरायला जायची. कुत्रेवाले एक-दोन गृहस्थ भेटत आणि "मॉर्निंग" म्हणत. पुण्यात सकाळी टेकडीवर भेटणारा माणूस मुलाच्या लग्नापर्यंत पोचल्याशिवाय सोडत नाही. इथे "मॉर्निंग"च्या पुढे गाडी जात नाही. पण म्हणतात मात्र न चुकता, आणि मला ते आवडलं.

घराच्या मागच्या बाजूला काचेची खोली, तिथे सईचं सामान वाळत घातलेलं. पायाचे पॅड उशांएवढे, छातीचं चिलखत, पक झेलायचा पंज्यासारखा मोठा हातमोजा. त्या खोलीतून येणारा वास मी लिहीत नाही, वाचणाऱ्यांना जेवायचं असेल. स्वाती रोज तिथे उदबत्ती लावायची. मी विचारलं, देवाला? तर म्हणाली, "नाही ताई, नाकाला."

सई शाळेतून आली ती माझ्याहून डोकंभर उंच. वाकून नमस्कार केला, मग मिठी मारली.

"आत्या, तू माझ्यासाठी आली?"

"आली नाही, आलीस."

"तू माझ्यासाठी आलीस? बट मी ऑलरेडी डिसाइड केला आहे."

"केलं आहे."

"आय नो. मी थकलो आहे, आत्या."

"थकले!"

मिलिंद हसायला लागला. "ताई, कोल्हापूरला बायका असंच बोलतात की. मी आलो, मी जातो. आपली कोल्हापूरची समज आणि सोड."

मी सोडणाऱ्यांतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेला निघाली, दारातून ओरडली, "बाय आत्या, मी जातो!" मी पोळपाट सोडून बाहेर आले.

"जातो नाही, जाते. आणि जाते तर मुळीच म्हणायचं नाही. येते म्हणायचं."

"पण मी जातो आहे ना? आय ॲम गोइंग."

"जाते म्हटलं की माणूस गेला. येते म्हटलं की दार उघडं राहतं. आपल्यात असंच म्हणतात."

"इव्हन शाळेला?"

"शाळेला, दुकानात, कुठेही."

ती जरा विचार करून म्हणाली, "ओके. येतो." आणि पळाली. तिथून पुढे रोज हाच कार्यक्रम. ती "येतो" म्हणायची, मी "येते!" म्हणून ओरडायची, तोवर दार लागलेलं असायचं.

बर्फावर

पहिला रविवार घरच्या मैदानावरचा. बाहेर डॅफोडिल फुलायला लागलेले आणि आत हाडं गोठवणारी थंडी, हा उलटा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. त्या दिवशी गोलमध्ये बेकी नावाची दुसरी मुलगी होती, सई बाकावर. आईबाप कागदी पेल्यातला गरम चॉकलेटचा घोट घेत काचेमागे उभे. खेळ विजेसारखा चालतो. मला पक दिसायचीच नाही, फक्त आवाज यायचा. पण बेकी सगळं अडवत होती एवढं कळत होतं. दुसरा डाव संपत आला तेव्हा न राहवून मी मोठ्यांदा, माझ्या मैदानी इंग्रजीत म्हटलं, "व्हेरी गुड! नॉट इव्हन वन गोल टिल नाऊ!"

आजूबाजूची सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. एका बाईनं डोळेच मिटले. पुढच्याच मिनिटाला गोल झाला.

"ताई," मिलिंद दातओठ खात कुजबुजला, "गोलकीपरनं गोल खाल्ला नसेल तर ते बोलायचं नसतं! इथला नियम आहे."

म्हणजे दृष्ट! त्या थंडगार परदेशी मैदानात एकदम घरच्यासारखं वाटलं. माझ्या शेजारी सोनेरी केसांची एक बाई हसू दाबत उभी होती. तिनं हात पुढे केला. ही हेलन, संघाची मानसशास्त्रज्ञ. दर बुधवारी येऊन ती मुलींच्या डोक्यांचा व्यायाम घेते, असं मिलिंदनं मला सांगितलं होतंच. मी तिला दृष्ट समजावून सांगितली. मीठ-मोहऱ्या, मिरच्या, चुलीतला ठसका, सगळं. ती म्हणाली, "आम्हीही असंच करतो, फक्त ठसका लागत नाही."

खरं सांगायचं तर डोक्याच्या व्यायामावर माझा विश्वास नव्हता. आमच्या वेळी पोरगी खचली की मी "ऊठ!" म्हणायची आणि ती उठायची. पण बुधवारी मी हेलनच्या तासाला मागे जाऊन बसले. मैदानाच्या वर एक खोली, मुली गोल करून बसलेल्या. हेलन आवाज न चढवता बोलत होती. गोल झाला तो झाला, म्हणाली, तो परत बाहेर काढता येत नाही. त्याच्यानंतरचे काही क्षण मात्र तुमचे आहेत. त्यात तीन गोष्टी करायच्या: एक लांब श्वास, एक ठरलेली हालचाल, एक शब्द. शब्द स्वतःचा हवा, उसना नको. हालचाल म्हणून गोलकीपरनं जाळी सोडून कोपऱ्यापर्यंत सरकत जायचं आणि परत यायचं. हे सगळं तिनं मुलींकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं, डोळे मिटून, मग उघडून. मला पटलं. खो-खोत बसलेल्या मुलीकडून आम्ही पाय कसा ठेवायचा हे शेकडो वेळा करून घेतो, मग डोकं कसं ठेवायचं ते का नाही करून घेतलं कुणी?

गाडीत मी सईला विचारलं, "तुझा शब्द कोणता गं?"

"नेक्स्ट."

"मग?"

"वर्क नाही होत. मी नेक्स्ट म्हणतो आणि मला नेक्स्ट गोल दिसतो."

मी लगेच कामाला लागले. म्हटलं, इंग्रजी शब्द कशाला, आपला घे. झाला गोल, सोड. कसा छान शब्द आहे! छोटा, श्वासात बसणारा. सईलाही आवडला. शुक्रवारच्या सरावाला मी काचेमागे ऐटीत उभी राहिले. पहिला गोल झाला. सईनं श्वास घेतला, कोपऱ्यापर्यंत गेली, ओठ हलले, परत आली. मी स्वातीला कोपर मारलं, बघ! तेवढ्यात पक संथपणे घरंगळत आली, अगदी आजीनं ढकलल्यासारखी, आणि सईच्या समोरून आत गेली. सई तिच्याकडे बघत उभी.

"अगं, अडवली का नाहीस?" मी नंतर विचारलं.

"तू सांगितला ना, सोड! मी मनात सोड, सोड म्हणत होतो. सो मी सोडला!"

स्वाती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. सईसुद्धा हसली, मी आल्यापासून पहिल्यांदा. माझ्या शब्दाचा असा निकाल लागला. मी माघार घेतली, पण सईला शब्द मिळालाच नव्हता. शेफील्डला आठवडाच राहिला होता.

पिनर

मधल्या रविवारी लंडनच्या कडेला पिनरला माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे, उषाकडे, जेवायला गेलो. घराघरांतून आपली माणसं, कोपऱ्यावर कोथिंबिरीची जुडी मिळते, आणि उषाच्या हातची भरली वांगी तर पुण्यातल्यापेक्षा सरस. तिचे यजमान निवृत्त डॉक्टर, सगळ्या विषयांवर मत असलेले. श्रीखंड वाढता वाढता त्यांनी सईला विचारलं, "काय खेळतेस म्हणे? आइस हॉकी? अगं, दातबीत पडले तर? मुलीच्या जातीला भरतनाट्यम काय वाईट आहे?"

सई म्हणाली, "काका, मी सोडणार आहे."

"शहाणी आहेस! बरोबर निर्णय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सई ताटात बघत राहिली. मला बोलायचं होतं, पण पाहुणी म्हणून गेले होते, श्रीखंडाबरोबर गिळलं.

परतीच्या वाटेवर गाडी मोटरवेला लागली. मग स्वाती एकदम म्हणाली, "मुलीच्या जातीला! हे कोण सांगणारे?"

मिलिंद चकित. "अगं, पण तूच तर सोड म्हणत होतीस."

"मी म्हणीन. मी तिची आई आहे. पहाटे चारला उठून तिच्या सरावासाठी थर्मास भरते मी. सोडायची असेल तर ती सोडेल, एक्झामसाठी सोडेल, कंटाळा आला म्हणून सोडेल. कुणाच्या शाबासकीसाठी नाही सोडायची."

मागच्या सीटवर माझ्या शेजारी सई खिडकीबाहेर बघत होती. तिनं हळूच माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतरच्या बुधवारी मिलिंद ऑफिसात अडकला म्हणून हेलनच सईला न्यायला घरी आली. सामान गाडीत टाकताना नेहमीचा कार्यक्रम झाला. सई ओरडली, "आत्या, येतो!" मी ओरडले, "येते!" हेलन दारात थांबली. हे काय चाललंय, रोजचं भांडण आहे का, तिनं विचारलं. मी सांगितलं, आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात.

"म्हणजे निघायच्या आधीच परत येण्याचं सांगून ठेवायचं?" हेलन म्हणाली.

"हो. त्यात विशेष काय? सगळेच म्हणतात."

तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, "येटे, येटे," आणि सईकडे बघितलं. मी कणीक भिजवायला आत गेले. मला ती गोष्ट तेवढ्यावरच संपली असं वाटलं.

शेफील्ड

शेफील्डला संघाच्या बसनं गेलो. मी थालीपिठांची चळत नेली होती, सईपुरती. बस सुटून गाव मागे पडायच्या आत पोरींनी ती फस्त केली आणि कृतीही विचारून घेतली. तिथल्या मैदानाच्या कॅन्टीनमध्ये बटाट्याच्या कापांवर तपकिरी रस्सा ओतून देतात. शेजारी हिरवा लगदा. चव घेतली तर मटारची उसळ, फोडणी द्यायची राहून गेलेली. भूक होती, खाल्ली. काउंटरवरची बाई मला "लव्ह" म्हणाली. या वयात परक्या बाईनं लव्ह म्हटलेलं बरं वाटतं.

आमची जागा आमच्या संघाच्या बाकामागे, मधे फक्त काच. कोच ग्रॅहॅम, लालबुंद चेहऱ्याचा स्कॉटिश गृहस्थ, त्याच्या शेजारी हेलन. सई गोलमध्ये. स्वातीनं माझा हात घट्ट धरला होता. मिलिंदला बसवेना, तो वर शेवटच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

पहिला डाव चांगला गेला. मी तोंडावर शाल धरून बसले होते, चुकून काही बोलून जायला नको. संपता संपता एक गोल झालाच. सईनं मुखवटा वर केला, पाणी प्यायली, जाळी सोडून कोपऱ्यापर्यंत सरकत गेली. जाताना ओठ हलले. परत आली, खांबांना काठी लावली, वाकून उभी राहिली. पाठोपाठ आलेला फटका तिनं पंजात धरला.

"धरला!" स्वाती म्हणाली. "ताई, लगेच दुसरा झाला नाही!"

दुसऱ्या डावात आमचा एक गोल झाला, बरोबरी झाली. मग मात्र फासे फिरले. गर्दीतून दोन गोल आले, त्यात तिचा काही इलाज नव्हता. दोन्ही वेळा ती कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. चौथा मात्र तिच्या दोन पायांमधून गेला. सोपा होता. तिचाच होता. ग्रॅहॅमनं बाकावरून हात हलवला. बेकी उठली.

तेच पुन्हा. चार गोल, आणि बाहेर. मला रडू आलं, सांगायला लाज कसली. इतकी वर्षं पोरींना मैदानात उभं केलं, आणि आपलीच पोर खाली मान घालून येताना पाहवेना.

पण मान खाली नव्हती. ती सरकत बाकाच्या दारापाशी आली, बेकीच्या पंजावर पंजा आपटला, आणि आत येताना, माझ्यापासून हातभर अंतरावर, मैदानाकडे तोंड करून म्हणाली,

"येतो."

"काय म्हणालीस, लास?" ग्रॅहॅमनं विचारलं, पोरींना तो लास म्हणतो. तिनं मान हलवली, काही नाही.

मी स्वातीकडे पाहिलं. स्वातीनंही ऐकलं होतं. कोपऱ्यापर्यंत जाताना ओठ हलत होते ते हे! जाळी सोडताना येते म्हणायचं आणि यायचं. मी दिलेला सोड तिनं टाकून दिला होता आणि जो द्यायचा विचारही केला नव्हता तो उचलला होता. हेलन मागे वळून माझ्याकडे बघत होती, भुवया उंच करून.

टॉवेल सईनं हातात घेतला, घाम पुसला आणि ठेवून दिला. बाकाच्या टोकाला गेलीच नाही. या खेळात दर मिनिटाला मुली मैदानातून आत येतात आणि दुसऱ्या बाहेर पडतात. बाकावरची गोलकीपर त्यांच्यासाठी दार उघडते. सई त्या दाराशी उभी राहिली. उघडायची, लावायची, येणारीच्या पाठीवर थाप द्यायची, जाणारीला ओरडून सांगायची. मुखवटा डोक्यावर, पट्टा बांधलेलाच.

तिसऱ्या डावात आमच्या पोरींनी दोन गोल केले. तीन-चार. आणि मग एक धिप्पाड मुलगी घसरत येऊन बेकीवर आदळली. बेकी उठली ती गुडघा धरून. फार लागलं नव्हतं, पण उभं राहता येईना. ग्रॅहॅम दाराकडे वळला, तोवर सईनं मुखवटा खाली ओढून दार उघडलं होतं.

त्यानंतर तिनं काय काय अडवलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी अर्धा वेळ डोळे मिटून होते. आवाजावरून कळत होतं. थप, पॅडवर. ठक, काठीवर. एकदा काहीच आवाज आला नाही म्हणून डोळे उघडले, तर पक तिच्या पंजात आणि ती पोटावर आडवी. स्वाती उभी राहून मराठीत ओरडत होती, "शाब्बास गं माझी बाय!" परीक्षांचं तिला काहीही आठवत नव्हतं.

शेवटचं मिनिट आलं. आणि ग्रॅहॅमनं सईला पुन्हा बाहेर बोलावलं!

आता मात्र माझा तोल गेला. मी उठून काचेवर मूठ आपटली. "यू! मिस्टर! व्हाय? व्हॉट शी डिड?" सगळा बाक वळून बघायला लागला. "वन गोल ऑल्सो शी डिड नॉट गिव्ह!"

मिलिंद पायऱ्यांवरून धावत खाली आला. "ताई, बस! अगं, एकानं मागे आहोत, म्हणून गोलकीपर काढून एक जादा पोरगी पाठवतायत. डाव आहे तो! सगळे करतात!"

"मग जाळीत कोण?"

"कुणी नाही."

रिकाम्या जाळीचा हा कसला खेळ! पण सई जिवाच्या आकांतानं बाकाकडे येत होती, आणि हसत होती. माझा अवतार तिनं पाहिला होता. तिनं कुंपणावरून आत उडी टाकली, त्याच क्षणी दुसरी मुलगी बाहेर पडली. सहा जणी शेफील्डच्या जाळीवर तुटून पडल्या. पक खांबाला लागली, सगळ्या हॉलमध्ये ठण्ण वाजलं, आणि भोंगा झाला. हरलो, तीन-चार.

हरल्यावर इतका गलका करणारा संघ मी पाहिला नव्हता.

बाहेर बसपाशी सामान चढवताना ग्रॅहॅम सईजवळ आला. माझ्याकडे बघून आधी दोन्ही हात वर केले, शरणागतीसारखे. मग तिला विचारलं, "तर मग, सप्टेंबरमध्ये?"

सईनं आपली भलीमोठी पिशवी बसच्या पोटात ढकलली. "येतो," ती म्हणाली.

"आज दुसऱ्यांदा ऐकतोय. हा येटो आहे तरी कोण?"

"ती परत येतेय," हेलन म्हणाली. "एवढाच अर्थ."

स्वातीनं फक्त थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि मिलिंदला म्हणाली, "सप्टेंबरपासून चारला तू उठायचंस."

हीथ्रो

मी निघाले त्या दिवशी सगळे विमानतळावर आले होते. सईनं शाळेला दांडी मारली होती, आईच्या परवानगीनं. बॅग वजनात बसली, चहा झाला, फोटो झाले. मिलिंद पाया पडला. त्याचे केस मधोमध विरळ झालेत हे तो वाकल्यावर मला दिसलं. धाकटा भाऊही म्हातारा होतो तर. पुन्हा कधी येणं होईल, होईल की नाही, कुणी बोललं नाही. स्वातीनं नाक पुसलं. कसंबसं पर्स सावरत म्हटलं,

"चला, जाते मी."

"आत्या!" सई एवढ्या जोरात ओरडली की रांगेतली माणसं वळली. "जाते नाही! जाते म्हटला की माणूस गेला. येतो म्हणायचं!"

मिलिंद माझ्याकडे बघत होता. मी आता काय दुरुस्त करणार याची वाट पाहत होता.

"येतो," मी म्हणाले, आणि बॅग ओढत आत शिरले.